बकिंगहॅमच्या ड्यूकचा घात त्याच्याच दप्तराने केला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बकिंगहॅमचा ड्यूक एडवर्ड स्टॅफर्ड याच्यावर लेख आला. इंग्लंडच्या ट्यूडर राजांच्या काळातल्या या उमरावावर मराठीत फारसे कुणी लिहीत नाही, त्यामुळे लेख पाहून आनंदच झाला. पण त्यात दोन मोठ्या चुका आहेत आणि त्या तशाच राहिल्या तर सगळी हकीकत उलटी होते. एक बाप-लेकांच्या गल्लतीची आहे, बापाचे १४८३ चे बंड लेखात एडवर्डच्या नावावर गेले आहे; दुसरी त्याच्या पडण्याच्या कारणाची. पहिली चटकन सांगून संपवतो, दुसरीसाठी मात्र थोडी जागा द्यावी ही विनंती.

वेल्समधल्या ब्रेकनहून ऑक्टोबर १४८३ मध्ये बंड करणारा बकिंगहॅम म्हणजे एडवर्डचा बाप हेन्री स्टॅफर्ड, दुसरा ड्यूक. ते बंड तिसऱ्या रिचर्डविरुद्ध होते, ट्यूडरांविरुद्ध नव्हे. ट्यूडर गादीवर आले ते ऑगस्ट १४८५ मध्ये, बॉसवर्थच्या लढाईनंतर. सेव्हर्न नदीला पूर आला, फौज पांगली आणि दुसरा ड्यूक राल्फ बॅनस्टर नावाच्या आपल्याच चाकराच्या आसऱ्याला गेला. पकडून देणाऱ्याला एक हजार पौंड किंवा वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची जमीन मिळेल, अशी दवंडी फिरली होती. चाकराने त्याला पकडून दिले. २ नोव्हेंबर १४८३ रोजी सॅलिस्बरीत त्याचा शिरच्छेद झाला. तेव्हा ३ फेब्रुवारी १४७८ रोजी जन्मलेला एडवर्ड जेमतेम पाच वर्षांचा होता. हाच पुढे तिसरा ड्यूक झाला आणि १७ मे १५२१ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर मारला गेला. १६२८ मध्ये पोर्टस्मथला ज्याचा खून झाला तो बकिंगहॅमचा ड्यूक जॉर्ज व्हिलियर्स तर वेगळ्याच घराण्यातला. इंग्लंडमध्ये किताब तोच राहतो आणि माणसे बदलतात. म्हणून टिपण काढताना किताबासोबत आडनाव आणि कितवा ड्यूक हे दोन्ही लिहायचेच, नाहीतर बापाचे बंड मुलाच्या खात्यावर चढते.

आता कारण. खाटकाचा मुलगा म्हणून हिणवला गेलेला, आठव्या हेन्रीचा मुख्य मंत्री कार्डिनल वुल्सी, त्याचा अपमान करणारा गर्विष्ठ ड्यूक, ड्यूकने वुल्सीच्या बुटात ओतलेले हात धुण्याचे पाणी आणि मग सूड, अशी गोष्ट लेखात आहे. वाचायला ती रंगतदार आहे, पण तिच्यात जमीन कुठेच नाही. बकिंगहॅमची ताकद जमिनीत होती आणि त्याचा घात जमिनीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसांच्या तोंडून झाला. निजामाच्या अमदानीतल्या जहागिरी, इनामे आणि अतियातीचे, म्हणजे सरकारी देणगीच्या जमिनींचे, कागद ज्यांच्या घरात कालपरवापर्यंत पेटीत होते, त्या मराठवाड्यातल्या वाचकाला तर हे कुणाहीपेक्षा लवकर उमजेल.

सुरुवात त्याच्या बालपणापासून करू. इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे राजाकडून थेट जमीन धरणारा सरदार मेला आणि वारस अज्ञान असला, की वारसाचे पालकत्व, जमिनीचे उत्पन्न आणि त्याचे लग्न ठरवण्याचा हक्क हे तिन्ही राजाकडे जात. हैदराबाद संस्थानातले ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स’ ज्यांना माहीत आहे त्यांनी ते डोळ्यांसमोर आणावे. फरक एवढाच, की इंग्लंडमध्ये या हक्कांची उघड विक्री होई. १४८५ मध्ये बापाच्या बंडामुळे आलेली जप्ती उठली, एडवर्डला किताब मिळाला आणि त्याचे पालकत्व पहिला ट्यूडर राजा सातवा हेन्री याची आई मार्गारेट बोफर्ट हिच्याकडे गेले. पुढे नॉर्थंबरलंडच्या अर्लची मुलगी एलिनॉर पर्सी हिच्याशी त्याचे लग्न लावण्याच्या हक्कापोटी मुलीकडच्यांनी राजाला ४,००० पौंड मोजले. जमिनीचा ताबा त्याला १४९८ मध्ये मिळाला, तोही नजराणे आणि मुचलके देऊन. सातव्या हेन्रीची रीतच ती होती. उमरावांना तुरुंगात घालण्यापेक्षा तो त्यांना मुचलक्यांत अडकवून ठेवी. एडवर्ड वयात आला तो इंग्लंडचा सर्वांत मोठा जमीनदार म्हणून आणि त्याच वेळी राजाचा देणेकरी म्हणूनही.

त्याचे उत्पन्न वर्षाला सुमारे पाच ते सहा हजार पौंड होते. हा आकडा नुसता सांगून उपयोग नाही. तेव्हा पौंडात वीस शिलिंग आणि शिलिंगात बारा पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स होत. कुशल गवंड्याची रोजची मजुरी साधारण सहा पेन्स होती. सहा हजार पौंड म्हणजे गवंड्याच्या मजुरीचे दोन लाख चाळीस हजार दिवस. वर्षात २४० दिवस काम लागते असे धरले, तर एक हजार गवंड्यांची वर्षभराची मजुरी एकट्या माणसाकडे येत होती.

पण कागदावर येणे वेगळे आणि पेटीत येणे वेगळे. इथे नवखे अभ्यासक हमखास फसतात. या जहागिरींचे हिशेब २९ सप्टेंबरच्या मायकलमस या सणाला मिटत. गावचा कारभारी वसूल करी, तो विभागाच्या खजिनदाराकडे जाई आणि शेवटी तपासनीस वह्या तपासत. त्या वह्यांत आधी येणे लिहिलेले असते, मग सूट आणि खर्च, मग भरणा आणि उरलेली बाकी. आपल्या तलाठ्याच्या भाषेत मागणी, वसूल, बाकी. वरचा मागणीचा आकडा उचलून तेच उत्पन्न समजले की ड्यूक आहे त्याहून श्रीमंत दिसतो. ब्रेकन आणि न्यूपोर्ट या त्याच्या वेल्समधल्या मुलखात बाकी वर्षानुवर्षे साचत गेली होती. वेल्सच्या सरहद्दीवरच्या जहागिरींत राजाचा नव्हे तर जहागीरदाराचा कायदा चाले, त्यामुळे वसुलीला फौजफाटा लागे.

ही बाकी काढण्यासाठी एडवर्डने जे केले त्यातच त्याच्या शेवटाची बीजे आहेत. वसूल कमी पडला की त्याबद्दल तो आपल्या अधिकाऱ्यांनाच जबाबदार धरी, त्यांच्याकडून मुचलके घेई आणि त्यांच्यावर दावे लावी. आपल्या मुलखात भूदास घराण्यांतली माणसे कोण, हे जुन्या वह्या काढून शोधण्याचे हुकूम त्याने दिले, कारण भूदास ठरलेल्याची मालमत्ता धन्याला घेता येई. सोळाव्या शतकात ही प्रथा जवळजवळ विझली होती. दोन-तीन पिढ्या स्वतंत्र जगलेल्या, चार पैसे गाठीला बांधलेल्या कुळाला अचानक ‘तू गुलाम’ म्हणून नोटीस आली, तर तो धन्यासाठी उभा राहील काय? ग्लॉस्टरशरमधल्या थॉर्नबरीला त्याने १५१० मध्ये तटबंदीच्या वाड्याचा आणि एक हजार एकर रान कुंपणात घेण्याचा परवाना मिळवला. वाड्याच्या दरवाजावर काम सुरू झाल्याचे १५११ हे साल आणि त्याचे किताब आजही कोरलेले आहेत. त्या कुंपणात शेतकऱ्यांची शेतेही गेली आणि लोकांनी त्याला शिव्याशाप दिले. १५०७-०८ च्या हिवाळ्यातल्या घरखर्चाच्या वह्या टिकून आहेत. सणाच्या पंगतीला शेकड्यांनी माणसे जेवत होती, हे त्यांतून दिसते. पंगतीला जमणारी माणसे वेगळी, संकटात उभी राहणारी वेगळी.

त्याच्या रक्ताचा प्रश्न या सगळ्याहून नाजूक होता. तो तिसऱ्या एडवर्डचा धाकटा मुलगा थॉमस ऑफ वुडस्टॉक याचा वंशज. शिवाय त्याची आई कॅथरीन वुडव्हिल ही चौथ्या एडवर्डच्या राणीची बहीण. म्हणजे आठव्या हेन्रीची आई एलिझाबेथ ऑफ यॉर्क आणि हा ड्यूक सख्खी मावसभावंडे. आपल्या नात्याने पाहिले तर तो राजाचा मामा लागतो. सातवा हेन्री आजारी असताना पुढचा राजा कोण यावर तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या कॅले बंदरात बड्या लोकांचे बोलणे झाले आणि त्यात बकिंगहॅमचे नाव निघाले, अशी बातमी जॉन फ्लॅमँकने राजाला लिहून कळवली होती. त्याने स्वतः काही न करताच त्याचे नाव दप्तरी लागले ते असे.

जून १५०९ मध्ये आठव्या हेन्रीच्या राज्याभिषेकाला तो मानाच्या जागी होता. कॉन्स्टेबल ऑफ इंग्लंड हे पद मात्र त्याला फक्त त्या सोहळ्यापुरते मिळाले. ते आपल्या बोहुन पूर्वजांकडून वंशपरंपरेने आलेले आहे, असा दावा त्याने लावला. १५१४ मध्ये न्यायाधीशांनी सांगितले, की काही गावांची जमीन त्याच्याकडे असल्यामुळे हक्क त्याचाच आहे, पण सेवा घ्यायची की नाही हे राजाच्या मर्जीवर आहे. दावा जिंकला आणि पद गेले. पुढे हे पद कुणालाही वंशपरंपरेने मिळाले नाही, आजही ते राज्याभिषेकाच्या दिवसापुरतेच देतात. हे पद लष्करी होते. राजघराण्याचे रक्त असलेला माणूस सैन्यावर हक्क सांगतो आहे, हे राजाच्या लक्षात राहिले असणार.

१५१९ मध्ये सर विल्यम बुल्मर हा राजाचा सेवक राजासमोर बकिंगहॅमच्या चाकरांचा पोशाख घालून आला आणि राजा संतापला. त्याच सुमारास राजाने वुल्सीला गुप्त पत्र लिहून काही उमरावांवर नजर ठेवायला सांगितले. त्यांत बकिंगहॅम होता. त्याच वर्षी ड्यूकने केंटमधल्या पेन्सहर्स्टला राजाची मेजवानी केली आणि पाण्यासारखा पैसा ओतला, तरी संशय काही गेला नाही. राजाला मुलगा नव्हता. मुलगी मेरी १५१६ ची. औरस मुलगा नाही, राणीचे वय वाढते आहे आणि मामाला मोठा मुलगा आहे.

नोव्हेंबर १५२० मधले पत्र सर्वांत महत्त्वाचे. ड्यूकने आपला चान्सेलर, म्हणजे दिवाणच म्हणा, रॉबर्ट गिल्बर्ट याला लिहिले, की वेल्समधल्या मुलखात जायचे आहे, तिथे तीन-चारशे माणसे सोबत असल्याशिवाय जीव सुरक्षित नाही, तेव्हा वुल्सीकडून परवाना मिळव. थकबाकीने पेटलेल्या मुलखात जाणाऱ्या धन्याची ही विनंती रास्त होती. पण ठिकाण कोणते? १४८३ मध्ये बापाने जिथून बंड केले तोच मुलूख. कारण वसुलीचे होते, वाचणाऱ्यांना ते बंडाचे वाटले. आमच्या मते त्याचे नशीब इथेच फिरले, बुटातल्या पाण्यात नव्हे.

त्याच सुमारास त्याने आपला सर्व्हेअर चार्ल्स निव्हेट याला कामावरून काढले. सर्व्हेअर म्हणजे जमिनीची पाहणी करणारा आणि कुळांशी थेट व्यवहार असणारा अधिकारी, आणि हा तर नात्यातला. नोकरी सुटली आहे, याला हाताळले तर तो बोलेल, असे निनावी पत्र वुल्सीकडे गेले. निव्हेट बोलला. गिल्बर्टही बोलला आणि ड्यूकचे पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू जॉन डेलाकोर्टही. चौथा होता हेंटन मठातला कार्थुझियन साधू निकोलस हॉपकिन्स. राजाला मुलगा होणार नाही आणि सारे ड्यूकला मिळेल, हे त्याचे भाकीत. राजाने साक्षीदारांची चौकशी स्वतः केली.

सर्वांत घातक जबाब निव्हेटचा होता. बुल्मरच्या प्रकरणात मला टॉवरमध्ये टाकले असते, तर माझ्या बापाने सॅलिस्बरीत रिचर्डबाबत जे योजले होते ते मी केले असते, असे ड्यूक नोव्हेंबर १५१९ मध्ये म्हणाल्याचे त्याने सांगितले. म्हणजे भेटीची विनवणी करायची, गुडघे टेकायचे आणि लपवलेला सुरा चालवायचा. बाप चाकराने पकडून दिला, मुलगा कारभाऱ्यांनी, आणि मुलाच्या गळ्याला फास लागला तोही बापाच्या आठवणीचा.

एप्रिल १५२१ मध्ये त्याला थॉर्नबरीहून लंडनला बोलावले. तो निमूट निघाला. वाटेत राजाची माणसे मागावर दिसली. लंडनमध्ये वुल्सीने आजाराचे निमित्त करून भेट नाकारली. तो नावेने पुढे निघाला तेव्हा १६ एप्रिलला पहाऱ्याचा कप्तान सर हेन्री मार्नी याने शंभर शिपायांसह त्याला टेम्स नदीवर अटक केली. आपल्याकडे १६२९ मध्ये निजामशहाने लखुजी जाधवरावांना दौलताबादच्या दरबारात बोलावून मुलांसह कापून काढले, ते आठवल्यावाचून राहत नाही. बोलावण्याची रीत तीच. पण हेन्रीने तलवारीऐवजी खटला निवडला आणि तो कसा चालला हे समजून घेण्यासारखे आहे.

१३५२ च्या कायद्याने राजाच्या मृत्यूचा ‘बेत किंवा कल्पना’ करणे हा राजद्रोह होता. नुसते बोलणे पुरेसे आहे काय, हा वाद होता. मुख्य न्यायाधीश फिनो यांनी उमरावांना सांगितले, की इतर गुन्ह्यांना कृती लागते, राजाच्या मरणाची नुसती इच्छा मात्र राजद्रोह आहे आणि ती इच्छा बोलण्यावरून सिद्ध होते. एवढ्याने बचाव संपला. १३ मे रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये १७ उमरावांपुढे सुनावणी झाली. आरोपीला वकील मिळत नसे. जबाब वाचून दाखवले गेले, त्याने साक्षीदारांना समोर आणण्याची मागणी केली, चौघांना उभे केले आणि पुन्हा पहाऱ्यात दिले. उलटतपासणी नावाची गोष्टच नव्हती. अध्यक्षस्थानी नॉरफोकचा ड्यूक होता, त्याच्या मुलाला बकिंगहॅमची मुलगी एलिझाबेथ दिलेली. म्हणजे शिक्षा व्याह्याने व्याह्याला सुनावली आणि सुनावताना तो रडला, असे इतिवृत्तकार एडवर्ड हॉल लिहितो. कुऱ्हाडीची धार आरोपीकडे वळवली गेली. परतीच्या नावेत गालिच्यावर बसा म्हटले, तर त्याने नकार दिला. येताना मी बकिंगहॅमचा ड्यूक होतो, आता नुसता एडवर्ड बोहुन, असे तो म्हणाल्याचे हॉलच नोंदवतो. ज्या बोहुन नावावर कॉन्स्टेबलचा दावा लावला होता तेच नाव त्याने शेवटी घेतले. चार दिवसांनी, शुक्रवारी, शिरच्छेद झाला.

लेख इथे संपतो. खरा व्यवहार मात्र इथून पुढे आहे. शिक्षेने जमीन जप्त होई, पण घराण्यातच राहावी म्हणून वंशपरंपरेला बांधून ठेवलेली जमीन तेव्हाच्या कायद्यात नुसत्या शिक्षेने राजाकडे जात नसे. ती पळवाट पुढे १५३४ च्या राजद्रोह कायद्याने बंद झाली. म्हणून १५२३ मध्ये पार्लमेंटकडून ‘अटेंडर’चा स्वतंत्र कायदा करून घेतला गेला. त्याने किताब, जमीन आणि वारसाहक्क हे सगळेच बुडाले. माणूस मारून दोन वर्षे झाल्यावर त्याच्याविरुद्ध कायदा कशाला, याचे उत्तर हेच आहे. खटल्याला बसलेल्यांपैकी काहींना त्या जमिनींतून वाटाही मिळाला. थॉर्नबरी राजाने ठेवून घेतले आणि ऑगस्ट १५३५ मध्ये हेन्री आणि अ‍ॅन बोलिन त्याच वाड्यात मुक्कामाला होते. मुलगा हेन्री याला १५४७ मध्ये नुसते बॅरन स्टॅफर्ड करण्यात आले, ड्यूकपद परत आले नाही.

मग वुल्सीचे काय? तपास त्याच्या हातात होता, तो निर्दोष नव्हता. पण सूडाच्या कथेचा मोठा आधार म्हणजे त्या काळचा इतिहासकार पॉलिडोर व्हर्जिल आणि त्याला वुल्सीने १५१५ मध्ये टॉवरमध्ये डांबले होते. अशा लेखकाचे वुल्सीबद्दलचे शब्द पारखूनच घ्यावे लागतात. राजाचे १५१९ चे पत्र हेन्रीचा स्वतःचा संशय दाखवते, ते बाजूला ठेवता येत नाही.

शेवटी तारखांबद्दल. लेखात अटक आणि खटला वेगवेगळ्या वर्षांत पडले आहेत. याचे कारण बहुधा राज्यवर्षांची, म्हणजे राजा गादीवर आल्यापासूनच्या वर्षांची, गणती. आठव्या हेन्रीचे राज्यवर्ष २२ एप्रिलला बदलते. १६ एप्रिल १५२१ ची अटक त्यामुळे बाराव्या वर्षात येते आणि १३ मेचा खटला तेराव्यात, मध्ये अंतर फक्त २७ दिवसांचे. शिवाय इंग्लंडचे साल तेव्हा २५ मार्चला बदलत असल्याने जानेवारी ते २४ मार्चपर्यंतच्या कागदांवर आधीचे साल असते. फसली या महसुली सालात ५९० मिळवून साल काढणारा आपला वाचक, फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते सप्टेंबर १९४८ हे ज्याला सांगावे लागत नाही, त्याला ही अडचण ओळखीचीच वाटेल. पुढच्या रविवारी निदान दोन दुरुस्त्या छापाव्यात, ही विनंती: १४८३ चे बंड दुसऱ्या ड्यूकचे आहे आणि तिसऱ्या ड्यूकची अटक, खटला व शिरच्छेद हे तिन्ही १५२१ चे आहेत.

आपले,
इतिहासाचे काही अध्यापक,
अंबाजोगाई, जि. बीड